डिस्कची टेस्ट लावायच्या आधी: वाचकांचे प्रश्न

डेस्कटॉपच्या डिस्कबद्दल जे प्रश्न येतात ते बहुतेक फिरून फिरून तेच असतात, म्हणून या वेळी एकत्रच घेतले. प्रश्न जरा छोटे केलेत, नावं काढून टाकलीत. डिस्कवर जे आहे त्याची दुसरी कॉपी कुठेच नसेल तर खालचं एखादं उत्तर वाचून लगेच टेस्ट लावायला बसू नका, आधी कॉपी करा.

प्रश्न: टेस्ट केल्यावर डेटा उडतो का?

नुसत्या वाचून बघणाऱ्या टेस्टने उडत नाही. राइट टेस्ट, इरेज, झिरो फिल असं काही लिहिलेलं असेल तर सगळा उडतो. स्क्रीनवरचं कळलं नाही तर बटण दाबायच्या आधी जाणकाराला विचारा.

प्रश्न: शॉर्ट टेस्ट पास झाली. एक्स्टेंडेड करायलाच पाहिजे का?

हो. शॉर्ट दोनेक मिनिटांत संपते आणि डिस्कचा थोडासाच भाग बघते, एक्स्टेंडेड सगळी डिस्क वाचते, मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात.

प्रश्न: क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) निळा ‘गुड’ दिसतोय पण एक ठराविक फोल्डर उघडला की पीसी मिनिटभर अडकतो. डिस्क चांगली आहे असं धरू ना?

नका धरू. ते सॉफ्टवेअर डिस्कचं स्मार्ट दाखवतं. स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच स्वतःबद्दल ठेवलेली नोंद, आणि जो भाग अजून कुणी वाचलाच नाही त्याबद्दल डिस्कला तरी काय माहीत असणार? गुगलने २००७ मध्ये त्यांच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या स्मार्टमध्ये आधी एकही एरर दिसला नव्हता. म्हणजे स्मार्टने धोका सांगितला तर नक्की ऐकायचं, पण तो गप्प आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. तुमचं अडकणं एकाच फोल्डरवर होतंय म्हणजे डिस्क तिथला सेक्टर (डेटा साठवायचा छोटा तुकडा) पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असेल अशी शंका घ्यायला जागा आहे. तो फोल्डर सोडून बाकीचं आजच कॉपी करा, मग एक्स्टेंडेड टेस्ट, आणि त्यात रीड एरर आला तर टेक्निशियनला दाखवा. रॅम खराब असली तरी पीसी अडकतो, फायली करप्ट होतात, त्यामुळे त्याला मेमटेस्ट (रॅमची टेस्ट) पण लावायला सांगा.

प्रश्न: सर, सी५ समोर ८ आकडा आलाय, पिवळं ‘कॉशन’ दिसतंय. मित्र म्हणाला चेकडिस्क स्लॅश आर (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) मार, बॅड सेक्टर रिपेअर होतात. रात्री लावलं, सकाळी बघतो तर १२ टक्क्यांवरच. घरातले सगळे फोटो यातच आहेत, दुसरीकडे नाहीत. अजून थांबू का?

थांबू नका. आणि हे उत्तर सगळ्यांनीच वाचा, कारण याच एका गोष्टीमुळे लोकांचा सगळ्यात जास्त डेटा जातो आणि दर वेळी सल्ला देणारा कुणीतरी मित्रच असतो.

सी५ म्हणजे स्मार्टमधला १९७ नंबरचा आकडा, पेंडिंग सेक्टर. डिस्कला ते सेक्टर वाचता आलेले नाहीत आणि तिने ते बाजूला नोंदवून ठेवलेत, पुढे कधी तिथे नवीन काही लिहायची वेळ आली की ती ठरवणार की सेक्टर परत वापरात घ्यायचा की राखीव जागेतला दुसरा द्यायचा. म्हणजे त्या आठ सेक्टरमध्ये जे होतं ते सध्या वाचता येत नाहीये, हा त्या आकड्याचा अर्थ. आकडा छोटा आहे म्हणून आजार छोटा असं नसतं. त्याच गुगलच्या अभ्यासात पहिला स्कॅन एरर (डिस्कने स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली होती.

आता चेकडिस्क काय करतं ते बघा. ते फाइल सिस्टिम दुरुस्त करायला बनवलंय, तुमच्या फायली वाचवायला नाही, आणि डिस्कचा पृष्ठभाग तर कुठलंच सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही. स्लॅश आर दिलं की ते एकूण एक क्लस्टर वाचत जातं, खराब जागा आली की डिस्क तिथेच पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, एकेका सेक्टरवर काही सेकंद जातात, आणि हेड (डिस्क वाचणारं टोक) जर आधीच कमजोर असेल तर ते नेमकं खराब भागावरच तासन् तास फिरत राहतं. पाय मोडलेल्या माणसाला ‘पळून दाखव, बघू कितपत मोडलाय’ म्हणण्यासारखं आहे हे. वर स्लॅश आरमध्ये स्लॅश एफ (चुका दुरुस्त करण्याचा हुकूम) आलंच, म्हणजे ते नुसतं बघत नाही, बदल पण करतं. ज्या नोंदी वाचता आल्या नाहीत त्या काढून टाकतं, बेवारस तुकडे फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये फाइल००००.सीएचके अशा नावांनी टाकतं. लग्नाच्या फोटोंच्या जागी असे शेकडो सीएचके बघून लोक मग लिहितात की आता काय करू. तोपर्यंत मूळ रचना गेलेली असते आणि रिकव्हरी करणाऱ्याचं काम दुप्पट अवघड झालेलं असतं.

क्रम उलटा ठेवायचा, आधी वाचवायचं मग तपासायचं. डिस्क अजून दिसतेय आणि आवाज नॉर्मल आहे तर सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर पहिलं कॉपी करा, तेही दुसऱ्या डिस्कवर, त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर नाही (हे सांगावं लागतं, कारण खूप जण तेच करतात). कॉपी अडकायला लागली तर डीडीरेस्क्यूसारख्या टूलने डिस्कची इमेज (हुबेहूब कॉपी) काढतात. ते आधी नीट वाचता येणारा भाग उचलतं, अडणाऱ्या जागा शेवटी ठेवतं, आणि कुठपर्यंत झालं ते मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतं म्हणजे मध्येच थांबवून परत सुरू करता येतं. पण त्यात कुठल्या डिस्कवरून वाचायचं आणि कुठल्या डिस्कवर लिहायचं हे उलटं टाइप झालं तर रिकामी डिस्क तुमच्या फोटोंवर लिहिली जाईल, म्हणून पहिल्यांदाच करत असाल तर एकट्याने करू नका.

तुमच्या बाबतीत दुसरी कॉपीच नाही. चेकडिस्क थांबवा. त्यालाही थोडी जोखीम आहे, पण चालू ठेवण्यात जास्त आहे. पीसी बंद करा, डिस्क काढून ठेवा, परत चालू करून ‘एकदा बघतो’ नको, कारण विंडोज बूट होताना स्वतःहून परत चेकडिस्क सुरू करू शकतं. डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या आणि चेकडिस्क किती वेळ चाललं ते लपवू नका. पुढचा रविवार वगैरे नाही, आजच.

प्रश्न: सी७ म्हणजे सीआरसी एरर २४० आहे, दुकानदार म्हणतो डिस्क बदला.

आधी साटा केबल बदला. १९९ नंबरचा हा आकडा डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या वाटेत डेटा बिघडला की वाढतो, आणि बहुतेक वेळा दोष केबलचा किंवा सैल कनेक्टरचा असतो. केबल बदलली तरी आकडा शून्य होणार नाही, तो कधीच खाली येत नाही, फक्त पुढे वाढतोय का ते बघत राहा. वाढत असेल तर दुसरा पोर्ट, मग सप्लाय तपासून घ्या. केबल न बदलताच नवीन डिस्क विकणाऱ्याचा सल्ला घेऊ नका, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

प्रश्न: सीक एरर रेट कोट्यवधीत दिसतोय! डिस्क सीगेटची आहे, कालच घेतली.

घाबरू नका. सीगेट त्या एकाच आकड्यात दोन गोष्टी ठेवतं, वरच्या भागात चुका आणि खालच्या भागात एकूण किती वेळा हेड हललं ते. क्रिस्टलडिस्कइन्फो रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायाच्या मोजणीत दाखवतं, तिथे १२ जागा असतात, पहिल्या चार शून्य असतील तर चुका शून्य. याच हेक्समुळे ‘१०’ दिसलं की ते खरं तर १६ असतं, हेही लक्षात ठेवा. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन रॉ व्हॅल्यू दशमानात करता येते. ०५ (बदलून दिलेले सेक्टर), सी५, सी६ (वाचताच न आलेले सेक्टर) शून्य आहेत ना? मग वापरा.

प्रश्न: डिस्कमधून टिक टिक आवाज येतोय. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली तर चालते असं वाचलं.

पॉवर काढा आणि रिकव्हरीवाल्याकडे न्या. फ्रीजर नको, आत दव धरतं. टेस्ट पण नको. आणि झाकण उघडून बघायचं तर नावच काढू नका.

प्रश्न: पैसे भरून घ्यायचं एक सॉफ्टवेअर आहे, लो लेव्हल फॉरमॅट करून बॅड सेक्टर कायमचे घालवतं म्हणे. घेऊ का?

नाही. आताच्या डिस्कचं खरं लो लेव्हल फॉरमॅट कारखान्यातच होतं, घरी त्या नावाखाली मिळतं ते झिरो फिल, आणि ते डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांच्या टूलमध्ये फुकट असतं. शून्य लिहिल्यावर पेंडिंगचा आकडा खाली येतो, कारण सेक्टर एक तर परत वापरात येतात नाहीतर राखीव जागेतले बदलून मिळतात, आणि मग ०५ चा आकडा वाढतो. डिस्क बरी झाली असं वाटतं, डेटा मात्र सगळा गेलेला असतो. ‘तुमची डिस्क ३७ टक्के खराब आहे, आत्ता रिपेअर करा’ असं ब्राउझरमध्ये उघडणारं काहीही खोटं असतं, वेबपेजला तुमच्या डिस्कचं स्मार्ट वाचता येत नाही. जिच्यावर एकदा विश्वास गेला ती डिस्क महत्त्वाच्या कामाला परत वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वॉरंटी असेल तर कंपनीला विचारा.

प्रश्न: एसएसडीला पण अशीच टेस्ट लावायची का?

एक्स्टेंडेड सेल्फ टेस्ट चालते. डीफ्रॅग आणि वारंवार राइट टेस्ट नको, नुसती झीज होते. एनव्हीएमई प्रकारची असेल तर पर्सेंटेज यूज्ड (किती झिजली), अव्हेलेबल स्पेअर (राखीव जागा किती उरली) आणि क्रिटिकल वॉर्निंग बघा. पर्सेंटेज यूज्ड १०० च्या पुढे गेलं म्हणून ड्राइव्ह त्याच दिवशी मरत नाही, पण बदलायची तयारी ठेवायची. जास्त काळजीची गोष्ट ही की एसएसडी बऱ्याचदा आवाज न करता, न अडखळता, एका सकाळी बायोसमध्ये दिसायचीच बंद होते. आणि ट्रिम (डिलीट केलेली जागा रिकामी करण्याची सोय) चालू असल्यामुळे चुकून डिलीट केलेलं परत मिळण्याची आशा हार्ड डिस्कपेक्षा खूपच कमी. टेस्ट पास झाली तरी बॅकअप हवाच, आणि रेड (एकच डेटा दोन डिस्कवर ठेवण्यासारखी जोडणी) लावलंय म्हणून बॅकअप नको असंही नाही, रेडमध्ये एकीकडे डिलीट केलं की दुसरीकडेही होतं.

प्रश्न: नवीन म्हणून घेतलेल्या डिस्कवर पॉवर ऑन अवर्स शून्य आहेत, म्हणजे नवीनच ना?

सहसा हो, पण तेवढ्यावर जाऊ नका. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत उघडकीला आलं की सर्व्हरमध्ये हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्क काही विक्रेत्यांकडून नवीन म्हणून विकल्या गेल्या, स्मार्टमधले तास पुसलेले होते. त्या पकडल्या गेल्या फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीमुळे, ती पुसायची राहिली होती. स्मार्टमॉनटूल्स या टूलच्या ७.४ पासून पुढच्या व्हर्जनमध्ये सीगेटच्या डिस्कची फार्म नोंद वाचता येते. तिथले तास आणि स्मार्टचे तास जुळत नसतील तर डिस्क वापरायला काढू नका, सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत बोला. कनेक्टरवर ओरखडे, स्क्रूच्या भोकांवर खुणा, हेही बघून घ्या.

प्रश्न: यूएसबी केसमध्ये लावलेल्या डिस्कचं स्मार्ट दिसतच नाही.

काही केसमधली चिप ते पुढे पाठवत नाही. डिस्क काढून थेट साटाला लावून बघा, जमत नसेल तर करवून घ्या.

प्रश्न: एक्स्टेंडेड टेस्ट चालू असताना पीसी वापरला तर?

चालतं, टेस्टला वेळ जास्त लागतो एवढंच. स्लीप बंद ठेवा आणि मध्येच पॉवर काढू नका, नाहीतर परत पहिल्यापासून लावावी लागेल.