लेवीयपाशी अडकलेल्या ताई

नाना पेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न वर्षभर येत असतो: "रोज बायबल वाचायचं ठरवते, पण होतच नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?" हडपसरच्या एका नर्सताईंनी तो विचारला तेव्हा मार्च निम्मा सरला होता. (त्यांना विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.)

1 जानेवारीला त्यांनी वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचा संकल्प केला. एकूण 1,189 अध्याय, म्हणजे दिवसाला तीनाहून थोडे जास्त. उत्पत्ती, निर्गम ही पहिली दोन पुस्तकं भराभर झाली. महिनाअखेरीला लेवीय हे नियमांनी भरलेलं तिसरं पुस्तक आलं, त्याच आठवड्यात रात्रपाळी लागली आणि खंड पडला. "आता शंभरावर अध्याय मागे पडलेत, मॅडम. बायबल हातात घेतलं की आधी तो हिशेबच आठवतो. सासूबाई पहाटे चारला उठून वाचतात. मी तेव्हा वॉर्डात असते."

रात्रभर पायांवर उभ्या असणाऱ्या बाईला 'लवकर उठा' कोणत्या तोंडानं सांगायचं? वेळ कमी असतो हे खरंच. पण माझ्या अनुभवात वाचन कायमचं थांबतं ते थकबाकीच्या लाजेनं. मागचं भरून काढल्याशिवाय देवासमोर कसं बसायचं, असं मन म्हणत राहतं. असा नियम पवित्र शास्त्रात कुठेही नाही. वर्षभराच्या वाचनाचा तक्ता माणसांनी सोयीसाठी केलेला. ताईंनी तो तिथेच फोनमधून काढून टाकला.

मग मी बायबलमधलं स्तोत्र 134 उघडून दिलं. तीनच वचनं. रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभं राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून आहेत. त्यांनी ती दोनदा वाचली आणि पदरानं डोळे टिपले. "हे तर रात्रपाळीवाल्यांसाठीच आहे!" इतके दिवस रात्रपाळी ही भक्तीच्या आड येते, असंच त्यांना वाटत होतं.

त्यांचा तक्ता आणि बायबल दोन्ही इंग्रजीत होतं. घरात जी भाषा बोलता त्यातच वाचा, म्हटलं. पंडिता रमाबाईंनी इथून जवळच, केडगावात, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर करण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली, ती साध्यासुध्या बायकांना वचन कळावं म्हणून.

सुरुवात मार्कपासून, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या एका छोट्या पुस्तकापासून, ठरली. एका वेळी एकच प्रसंग, ड्यूटी संपल्यावर बसमध्ये जागा मिळाली की, फोनवर दुसरं काही उघडायच्या आधी. उभं राहावं लागलं तर कालचंच एखादं वचन मनात घोळवायचं. आणि सुटलेला दिवस सुटला, तो भरायचा नाही. ही अट मात्र मी त्यांना वहीत लिहायला लावली.

एप्रिलअखेर त्या पुन्हा आल्या. मधे मुलगा तापानं आजारी, अकरा दिवस वाचन नाही. बाराव्या दिवशी जिथे खूण होती तिथेच उघडलं: मार्क 5, याईराच्या आजारी मुलीला येशू उठवतो तो प्रसंग. मुलाच्या उशाशी बसून त्यांनी ते मोठ्यानं वाचलं.

निघताना दारात थांबल्या. "आणि मॅडम, लेवीयचा तेरावा अध्याय परवा सहज चाळला. कातडीवर डाग दिसला की याजक माणसाला सात दिवस वेगळं ठेवून पुन्हा तपासतो. आम्ही वॉर्डात वेगळं काय करतो?"