कासवाचं पिल्लू सापडलं तर

पाऊस सुरू झाला की कासवांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी निवडलेले चार प्रश्न.

खारघरला आमच्या सोसायटीच्या गटाराजवळ काड्यापेटीएवढं कासवाचं पिल्लू सापडलं. सध्या बादलीत ठेवलंय. जरा मोठं करून तळ्यात सोडलं तर चालेल का?

आधी ते बादलीतून बाहेर काढा. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. बादलीला चढायला काठ नाही, त्यामुळे पोहून दमलेलं पिल्लू तिच्यात बुडून मरतं. झाकणाला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात ओलं सुती फडकं घाला, त्यावर पिल्लू ठेवा आणि डबा सावलीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. डब्यात पाणी नको आणि खाणंही नको. अंड्यातला बलक पोटात असल्याने ते काही दिवस न खाता राहू शकतं.

मग क्षणभर उलटं करून पोट बघा. मागच्या बाजूला पाय झाकणारे कातडी पडदे असतील तर ते फ्लॅपशेल, म्हणजे आपल्याकडच्या तळ्यांतलं मऊ पाठीचं कासव. पोटाच्या मध्यावरची नाभी मिटलेली आहे, जखम नाही, उताणं ठेवल्यावर स्वतःहून सुलटं होतंय, तर त्याला वाढवायची गरजच नाही. कासविणी पिल्लं सांभाळत नाहीत. पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःचं पोट भरतं. घरी वाढलेलं पिल्लू माणसाची सावली पडली की खायला वर येतं, आणि तळ्यावर ही सवय त्याच्या जिवावर बेतते. नाभीतून पिवळा बलक लोंबत असेल तर मात्र उपचार लागतात. तो दाबू नका, पुसू नका.

वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि सापडल्याची नेमकी जागा सांगा, कारण सोडायचं ते तिथल्याच जवळच्या पाणवठ्यात. फ्लॅपशेल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. असा प्राणी हाती आला की ४८ तासांत वन अधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवावं लागतं. ‘जरा मोठं करून’ हे कायद्यात बसत नाही.

ठाण्याच्या येऊर डोंगराच्या पायथ्याशी जेसीबीने माती काढताना सात-आठ पांढरी अंडी निघाली. उचलून कुठे ठेवू?

जेसीबी थांबवा आणि आधी अंडी कोणाची ते बघा. सापाची अंडी चामट, लांबट आणि बऱ्याचदा एकमेकांना चिकटलेली असतात. फ्लॅपशेलची गोल, कडक कवचाची, पिंगपाँगच्या चेंडूपेक्षा लहान आणि सुटी असतात.

घातल्यावर साधारण दिवसभरात आतला गर्भ कवचाच्या वरच्या भागाला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की तो सुटून मरतो. म्हणून प्रत्येक अंड्यावर, आहे त्याच स्थितीत, शिसपेन्सिलीने वरच्या बाजूला फुली करा. मार्कर नको, त्याची शाई कवचातून आत झिरपते. काम तिथून हलवता येत असेल तर तीच माती हलक्या हाताने परत लोटा आणि वर वजन ठेवून तारेची जाळी घाला, म्हणजे मुंगूस आणि कुत्री उकरणार नाहीत. यापेक्षा चांगला उपाय नाही. हलवणं भागच असेल तर वन विभागाचा माणूस येईपर्यंत थांबा. बादलीत त्याच जागेची ८-१० सेंटिमीटर ओलसर माती, त्यावर फुली वर ठेवून अंडी, वर पुन्हा माती. गाडी खड्ड्यांतून सावकाश न्यावी. फ्लॅपशेलची अंडी जमिनीत कित्येक महिने राहतात, त्यामुळे ‘महिना झाला, फुटलं नाही’ म्हणून कोणी अंडं फोडून बघू नये.

वन विभागाच्या परवानगीने चालणाऱ्या नवी मुंबईतल्या वन्यजीव उपचार केंद्रात मी मदतीला जातो. फ्लॅपशेलचं एक पिल्लू एका अंगावर कलून तरंगतं, खातही नाही. टबात काय बदलावं?

टबाचं नंतर, आधी पशुवैद्य. कलून तरंगणं, नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास ही न्यूमोनियाची लक्षणं. एक्स-रे काढून औषध ठरतं, अंदाजाने द्यायचं नसतं. तोवर त्याला वेगळ्या टबात जेमतेम पाठ भिजेल एवढ्या पाण्यात ठेवा. पाणी २८ ते ३० अंश असावं. पावसाळ्यात रात्री पाणी गार होतं आणि दुखणं बहुधा तिथूनच सुरू होतं. हीटर असेल तर त्याला जाळी हवी, नाहीतर पिल्लू त्याला टेकून भाजतं.

निरोगी पिल्लांच्या टबात धुतलेली बारीक नदीची वाळू ३-४ सेंटिमीटर घाला. बांधकामाची क्रश सँड टोकदार असते; पोटाची कातडी खरवडते आणि त्यातून पांढरे बुरशीचे डाग पडतात. पाणी किती, याचं माप पिल्लूच देतं. वाळूत रुतून बसल्या जागी मान लांब केली की नळीसारखं नाक पाण्याबाहेर यायला हवं. त्याहून खोल पाणी दमवतं. नळाचं पाणी उघड्या पिंपात २४ तास ठेवून वापरा. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, पण अर्ध्या टबावर सावली ठेवून. काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, उन्हातले कासवाला लागणारे यूव्हीबी (अतिनील) किरण काच अडवते.

खाणं गांडूळ, गोगलगाय, ताजी करंदी, एका वेळी पिल्लाच्या डोक्याएवढं. सुका जवळा खारट, तो नको. कुरमुरे आणि पाव अजिबात नको. नुसत्या माशाच्या मांसाने कॅल्शियम कमी पडून हाडं ठिसूळ होतात, म्हणून समुद्रफेसाचा तुकडा टाकून ठेवावा. वेगळ्या टबात खायला घाला, तासाभराने ते पाणी फेका. पाण्याचा अर्धा त्रास तिथेच संपतो. दर आठवड्याला ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन घ्या. तरंगण्याआधी बऱ्याचदा वजन घसरायला लागलेलं असतं. आणि एका टबात गर्दी करू नका, ही पिल्लं एकमेकांच्या पायांचे लचके तोडतात.

पाळलेलं लाल कानाचं कासव ठाण्याच्या उपवन तलावात सोडू का?

नाही. रेड-इअर्ड स्लायडर मूळ उत्तर अमेरिकेतलं. ते इथल्या कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायची जागा बळकावतं. सांभाळणं जमत नसेल तर पशुवैद्यामार्फत घेणारं केंद्र शोधा, आणि त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवा, त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. पाठीवर पिवळ्या चांदण्या आणि हत्तीसारखे खांबट पाय असतील तर ते स्टार कासव, जमिनीवरचं. पुण्य म्हणून तळ्यात सोडलं की ते बुडतं. त्यासाठीही १९२६.