तोच सूर दोनदा मारू नको

प्रिय लेकरा,

खो-खोची निवड चाचणी संपल्यावर तू कडेला बसून बुटाची नाडी उगीच सोडत-बांधत होतीस. म्हणालीस, "सर, आपल्या मैदानावर दहातले नऊ सूर बसतात, इथं मॅटवर एकबी बसंना. उद्यापासून रोज दोनशे मारते." तिथंच माझं डोकं फिरलं. तोच सूर पुन्हा मारायचा असेल तर दोनही मारू नको.

एका हातानं खांब धरायचा आणि पलीकडं वळणाऱ्या गड्याला शिवायला झेप घ्यायची, हाच ना सूर? तुझा सराव मी बघितलाय. फक्कीच्या त्याच खुणेवरून सात पावलं, डावा हात खांबाला, पलीकडं कुणी नाही. खांब जागचा हलत नाही, पण गडी हलतो. तो खांबाला चिकटून वळला तर हात आखडावा लागतो, लांबून वळला तर कमरेपासून अंग फेकावं लागतं. सूर खांबावर नाही गं, गड्यावर मारतात. आपल्या खो-खोतल्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून धाराशिवातल्या पोरी मोबाईलवर तिचा सूर थांबवून थांबवून बघतात. तूही बघतेस. पण तो सूर त्या क्षणाच्या त्या गड्यासाठी होता!

निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली टिपल्या. हातोडा नेमका छिन्नीवर पडायचा, पण खांदा, कोपर, मनगट दरवेळी जरा वेगळ्या वाटेनं जायचे. एक सांधा ढळला की दुसरा सांभाळून घ्यायचा. १९७८ च्या एका प्रयोगात तर दोन आणि चार फुटांवरून पिशवी टाकायला शिकलेली आठ वर्षांची मुलं तीन फुटांच्या परीक्षेत सरस ठरली; तीनच फुटांवरून घोटून घेतलेली मागं राहिली.

मला हे कुणी सांगितलं होतं? अठ्ठावीस वर्षं मी पोरांना रांगेत उभं करून शंभर-शंभर सूर मारून घेतले. एकाचा सूर असा की रस्त्यानं जाणारे सायकल थांबवून बघायचे. जिल्ह्याच्या सामन्यात समोरच्यानं खांबाजवळ पाऊल आखडलं आणि याचा हात हवेत. तीनदा. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "कष्ट कमी पडले." कष्ट कुठले कमी पडलेत! अजून भेटला की कोपरावरचा काळा डाग दाखवून हसतो. मला हसू येत नाही.

आता तू म्हणशील, मग रांग लावलीच कशाला? मुरमाड मैदान एक, खांब दोन, पोरं साठ. दुसरं काय करणार होतो? आणि ढाली आणल्याच की आम्ही. असो.

धाकट्या बहिणीला खांबापलीकडं उभी कर, मनाला येईल तशी वळू दे. कधी तीन पावलांवरून ये, कधी नऊ. उजव्या हातानं मार. पावसानंतर ओल्या मातीत मार. मातीत शेवटचं पाऊल घसरत खांबाकडं जातं, मॅट ते जागीच धरते. तुझं तिथंच अडलं. अंगठा कुठं, कोपर कुठं हे विचारणं बंद, नजर गड्याच्या पाठीवर. निम्मे सूर चुकतील, आई म्हणेल पोरगी बिघडली. म्हणू दे. पण तोच सूर दोनदा नाही.

रविवारी साडेसहाला ये. फक्कीची खूण मी आधीच पुसून ठेवतो.

तुझा,
सर