नाशिकमध्ये घराच्या गच्चीवरून बघायचंय, दुर्बिणीला कोणता फाइंडर घेऊ? रेड डॉट की भिंगाचा?

तुम्ही लिहिलंय की दुर्बीण १३० मिमीची, ६५० मिमी फोकल लेंथची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची आहे, घर सिडकोत आहे, सोबत लाल ठिपक्याचा म्हणजे रेड डॉट फाइंडर (दुर्बीण आकाशात कुठे रोखलीय ते दाखवणारं नळीवरचं छोटं साधन) आलाय आणि चंद्र सोडला तर त्याच्यातून काही सापडत नाही, म्हणून आता दुसरा घ्यायचाय. उत्तर आधी सांगून टाकतो, सिडकोच्या गच्चीसाठी भिंगाचाच घ्या, ६×३० किंवा ८×५० (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा भिंगाचा व्यास मिमीत), आणि तो काटकोनात डोळा लावायचा आणि सुलटं दाखवणारा असावा. पण आहे तो रेड डॉट अडगळीत टाकू नका, आणि पैसे घालायच्या आधी तोच एकदा नीट जुळवून बघा, कारण बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम फाइंडरमध्ये नसतोच, तो जुळवलेलाच नसतो किंवा दुर्बिणीत चुकीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) बसवलेला असतो.

आयपीसचं आधी. तुमच्या दुर्बिणीत २५ मिमीचा आयपीस लावला की २६ पट दिसतं आणि साधारण दोन अंश आकाश मावतं, म्हणजे चार चंद्र एका रांगेत. १० मिमीचा लावला की ६५ पट, पण आकाश उरतं एका अंशाहूनही कमी. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्यामागे एक अंशभर आकाश झाकलं जातं, आता एवढ्याशा खिडकीतून शनी शोधायचा म्हटलं तर कोणाचीही रात्र जाईल. पाकिटावर मोठ्ठे आकडे छापलेले असतात म्हणून लोक पहिल्यांदा १० चाच लावतात. शोधायला कायम २५ चा, सापडलं की मग बदला.

आता रेड डॉट. हा प्रकार काही दाखवत नाही, हे कोणी सांगतच नाही विकताना. आत एक छोटा एलईडी असतो, त्याचा उजेड समोरच्या काचेवरून परत डोळ्यात येतो आणि तो ठिपका लांब आकाशात टेकल्यासारखा वाटतो, त्यामुळे डोकं थोडं इकडेतिकडे झालं तरी ठिपका ताऱ्यावरून हलत नाही. मस्त आयडिया आहे, पण मोठं करून काही दिसत नाही, म्हणजे जो तारा तुमच्या नुसत्या डोळ्यांना दिसतो त्याच्यावरच ठिपका ठेवता येणार. गुरू, शनी, शुक्र, व्याध, रोहिणी, अभिजित यांच्यासाठी याच्याइतकं सोपं काही नाही. पण एकीकडे अंबडची एमआयडीसी, दुसरीकडे हायवे, वर गल्लीतले पांढरे एलईडी दिवे, अशा आकाशात तिसऱ्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) पलीकडचे तारे जवळपास पुसलेच जातात आणि मग ठिपका ठेवायचा कशावर?

उदाहरण देतो म्हणजे पटेल. शौरी तारकासमूहात एम १३ नावाचा गोलाकार तारकागुच्छ आहे, मे महिन्यात रात्री उशिरा तो आपल्याकडे चांगला वर असतो. शौरीच्या मधल्या चार ताऱ्यांचा एक वाकडा चौकोन आहे, त्याच्या पश्चिमेकडच्या बाजूवर ईटा आणि झीटा हे दोन तारे, आणि ईटाकडून झीटाकडे निघालं की एक तृतीयांश वाटेवर एम १३. पुस्तकात वाचायला एकदम सोपं. पण ईटा साडेतीन प्रतीचा, सिडकोतून तो दिसला तर नशीब, म्हणजे रेड डॉटवाल्याची गाडी तिथेच अडली. ६×३० मध्ये साधारण सात अंश आकाश मावतं, झीटा त्याच्या एका कडेला आणला की ईटा पलीकडच्या कडेशी येतो, मग दोघांमधलं अंतर डोळ्यांनीच तीन भागात तोडायचं आणि क्रॉसहेअर (फाइंडरमधल्या एकमेकांना छेदणाऱ्या रेघा) ईटाकडून पहिल्या भागावर ठेवायचं, झालं. ८×५० असेल तर बऱ्या रात्री तो गुच्छ फाइंडरमध्येच एखाद्या फोकस न झालेल्या, धुरकट ताऱ्यासारखा दिसतो. अंधारात आपली बाहुली फार तर सात मिमी उघडते, ५० मिमीचं भिंग तिच्या पन्नासेक पट उजेड गोळा करतं, सगळा फरक तिथे पडतो. म्हणून माझं मत असं की फाइंडर दुर्बिणीकडे बघून नाही, डोक्यावरच्या आकाशाकडे बघून निवडायचा.

हाच सेट घेऊन तुम्ही गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला किंवा त्र्यंबकच्या पुढे गेलात की हिशोब उलटा होतो. तिथे डोळ्यांनाच इतके तारे दिसतात की भिंगाच्या फाइंडरमध्ये गर्दी होते आणि नवीन माणूस हरवतो, तिथे रेड डॉट बेस्ट, किंवा टेलरॅड. टेलरॅड म्हणजे ठिपक्याऐवजी आकाशावर तीन लाल वर्तुळं दाखवणारा, अर्धा, दोन आणि चार अंशांची. स्टीव्ह कुफेल्ड नावाच्या अमेरिकन हौशी निरीक्षकाने सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो काढला आणि अजून तसाच विकला जातो. अंतर मोजायला वर्तुळं फार कामाची, पण तो डबा चांगला लांब आहे, तुमच्या १३० च्या नळीवर बेढब दिसेल. मोठी डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घेतलीत तर विचार करा.

आता काटकोनातलाच का म्हणालो. नाशिकचा अक्षांश साधारण २०, त्यामुळे स्वाती तारा आपल्या जवळजवळ डोक्यावरून जातो, कृत्तिकाही डोक्याच्या चार अंश अलीकडून-पलीकडून. सरळ नळीचा फाइंडर असेल तर कृत्तिका माथ्यावर असताना तुम्हाला दुर्बिणीच्या खाली घुसून मान मोडून बघावं लागतं, आणि दिसतं ते उलटं, डावं उजवीकडे, वरचं खाली. काटकोनातल्या काही फाइंडरमध्ये साधा आरसा असतो, त्याच्यात प्रतिमा आरशासारखी उलटते, नकाशाशी कधीच जुळत नाही, ते घेऊ नका. आत अ‍ॅमिसी प्रिझम असलेला घ्या, त्याला आरएसीआय म्हणतात, फोनमधल्या स्टेलॅरियम या आकाशाच्या नकाशाच्या अॅपमध्ये जसं दिसतं तसंच फाइंडरमध्ये दिसतं. तोटा एकच, तुम्ही बघताय खाली आणि नळी बघतेय वर, त्यामुळे नळी नक्की कुठे रोखलीय हे कळत नाही. म्हणून म्हणालो रेड डॉट राहू द्या. रेड डॉटने जवळच्या ठळक ताऱ्यावर जायचं, तिथून पुढचं भिंगाने. दोन्ही बसवायला नळीवर फाइंडर बसवायची दुसरी खाच लागते, दोन छोट्या बोल्टचं काम आहे, पण न्यूटोनियनला भोक पाडताना आतला आरसा काढून ठेवा, लोखंडाचा कीस त्याच्यावर पडला तर संपलं. भोक पाडायचं नसेल तर दुहेरी बाजूचं फोम टेप पण धरून राहतं, हलका रेड डॉटच तर आहे.

जुळवायचं कसं, हे नीट वाचा कारण सगळं इथेच बिघडतं. हे काम दिवसा करायचं आणि सूर्य पाठीमागे असताना. गच्चीवरून किमान एक किलोमीटर लांबचं काहीतरी निवडा, पांडवलेणीच्या डोंगराच्या कडेवरचं एखादं झाड किंवा लांबचा मोबाइल टॉवर. समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी नको. फाइंडर मुख्य नळीच्या अक्षापासून समजा १५ सेंमी बाजूला आहे, वीस मीटरवरच्या टाकीवर दोन्ही जुळवले तर आकाशात जवळपास अर्ध्या अंशाची चूक राहते, म्हणजे अख्खा चंद्र हुकतो, आणि किलोमीटरवर हीच चूक विचारात घ्यायच्या लायकीची राहत नाही. २५ च्या आयपीसने झाडाचा शेंडा बरोब्बर मध्यभागी आणा, माउंटचे (दुर्बिणीच्या बैठकीचे) दोन्ही क्लॅम्प घट्ट करा, आणि आता नळीला हात लावायचा नाही, फक्त फाइंडरचे स्क्रू फिरवून ठिपका किंवा क्रॉसहेअर त्याच शेंड्यावर आणायचं. मग १० चा आयपीस लावून परत तेच. न्यूटोनियनमध्ये झाड उलटं दिसेल, दिसू द्या.

रात्री एकदा ताऱ्यावर खात्री करा. त्यासाठी ध्रुव चांगला, उत्तरेला क्षितिजापासून २० अंश वर, म्हणजे हात लांब करून दोन मुठी, तो जागचा फारसा हलत नाही त्यामुळे निवांत स्क्रू फिरवता येतात. ध्रुवापासून लांबचा तारा साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतो, तुम्ही स्क्रूशी खेळेपर्यंत तो मध्यातून निघून जातो आणि वाटतं जुळलंच नाही. ध्रुव टाकीच्या किंवा पत्र्याच्या आड असेल तर जो ठळक तारा दिसेल तो घ्या आणि भराभर करा.

रेड डॉट वापरताना दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि ठिपका अगदी मंद करा, दिसतोय न दिसतोय इतका, भडक ठिपक्यात बारीक तारा बुडून जातो. भिंगाच्या फाइंडरला फोकस असतो हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं, पुढच्या भिंगामागची रिंग सैल करून भिंगाचं घर फिरवायचं, तारे टिंबासारखे झाले की रिंग परत आवळायची. आणि काळं क्रॉसहेअर खऱ्या अंधारात दिसत नाही, सिडकोत मात्र मागे आकाशच उजळलेलं असल्यामुळे छान दिसतं. लाइट पोल्यूशनचा एवढा एकच फायदा.

हिवाळ्यात पहाटे बसलात तर आधी दव धरतं ते फाइंडरवर, दुर्बिणीचा आरसा खोल नळीत असतो म्हणून वाचतो. काळ्या जाड कागदाची सुरळी करून पुढे लावा, भिंग पुसत बसू नका, ओरखडे जातात. पावसाळ्यात चार महिने तसंही काही दिसत नाही, तेव्हा फाइंडर काढून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा, नाहीतर भिंगावर बुरशी चढते. रेड डॉटचा सेल पण काढून ठेवा. बहुतेकांना सीआर २०३२ लागतो, तो कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, पण रात्री अकराला मिळत नाही, एक जास्तीचा पेटीत असू द्या.

कोणीतरी हिरवा लेझर फाइंडर म्हणून लावायला सांगेल. ऐकू नका. ओझरचं विमानतळ जवळ आहे, पायलटच्या डोळ्यात तो किरण गेला तर भयंकर प्रकार होईल, आणि गच्चीवर पोरं असतात ते वेगळंच.

आणि सूर्य. दुर्बिणीला सोलर फिल्टर लावलात तरी फाइंडर उघडाच राहतो, त्यातून नुसतं डोकावलं तरी डोळा जाईल. सूर्य बघायचा असेल त्या दिवशी फाइंडर सरळ काढून खिशात. २ ऑगस्ट २०२७ ला संध्याकाळी आपल्याकडून खंडग्रास ग्रहण आहे, भर पावसाळ्यात, तरी ढग फाटले तर गच्चीवर गर्दी होईलच, तेव्हा हे विसरू नका.

घेताना फक्त एवढं बघा की फाइंडरचा पाय तुमच्या नळीवरच्या खाचेत बसतो ना. तुमच्या दुर्बिणीसारख्या बहुतेकांवर एकच ठरलेली खाच असते, बाजूच्या एका स्क्रूने आवळायची, नवा फाइंडर तिच्यात सरकतो. पण काही स्वस्त दुर्बिणींवर रेड डॉट थेट दोन बोल्टवर बसवलेला असतो, तसं असेल तर खाचेचा बेस वेगळा मागवावा लागेल, आधी फोटो काढून दुकानदाराला पाठवा. ५×२४ लिहिलेला प्लास्टिकचा फाइंडर कोणी फुकट देत असेल तरी नको, त्याच्या आत एक रिंग बसवून भिंग निम्मं झाकलेलं असतं, त्यापेक्षा तुमचा रेड डॉट बरा. ६×३० की ८×५० असं अडलात तर १३० च्या नळीला ६×३० घ्या, ८×५० ने तोल पुढे जातो आणि छोट्या माउंटवर सारखी नळी मागेपुढे सरकवत बसावं लागतं.