उन्हाळ्यात चित्र पाठवताना

प्रश्न : मे महिन्यात जळगावहून पुण्याला ॲक्रिलिक रंगातले कॅनव्हास कुरिअरने पाठवायचे आहे. बबल रॅप थेट गुंडाळावा का?

उत्तर : कृपया तसे करू नये. ॲक्रिलिकचा थर उष्णतेने मऊ व चिकट होतो. खानदेशात पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना बंद गाडीत त्याहूनही अधिक तापते आणि बबलचे गोल ठसे रंगावर कायमचे उमटू शकतात. प्रथम सिलिकॉनचा लेप असलेला, न चिकटणारा कागद लावावा, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे संरक्षक बसवून त्यांच्यावर ताठ पुठ्ठा असा बांधावा की तो रंगाला टेकणार नाही, आणि मगच बबल रॅप गुंडाळावा. खोक्यात सर्व बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर भरण हवे. वर्तमानपत्राची शाई लागते, म्हणून ते रंगाजवळ नको. घाई नसेल, तर हिवाळ्यापर्यंत थांबावे, असे आम्ही आग्रहाने सुचवतो.