मुलगी दुसरीत आहे, तिला घरीच शिकवायचं म्हणतोय. कुठला अभ्यासक्रम घेऊन सुरुवात करू?

तुम्ही रत्नागिरीजवळ खाडीकाठच्या वाडीत राहता, मुलगी सात वर्षांची आहे आणि जूनपासून तिला घरीच शिकवायचा विचार आहे, असं लिहिलंय. आम्ही हर्णैजवळ राहतो. माझा मुलगा तिसरीनंतर शाळेतून बाहेर आला, त्याला आता चार वर्षं झाली. माझं ऐकाल तर अभ्यासक्रमाचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा.

आधी दाखल्याचं बघा. नाव काढण्यापूर्वी शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचा: मुलीचं नाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख, जात. पुढे जातीचा दाखला काढायची आणि पडताळणीची वेळ आली की शाळेची हीच नोंद पुरावा म्हणून मागतात. मूल शाळेतून गेल्यावर त्यातली चूक दुरुस्त करून घेणं फार जिकिरीचं. आमच्याकडे वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेलं होतं, वेळेत दिसलं म्हणून निभावलं. मग लेखी अर्ज द्या, शाळा सोडल्याचा दाखला घ्या, मूळ प्रत जपून ठेवा. ‘आता कुठल्या शाळेत घालणार?’ हे विचारतीलच. खरं काय ते सांगा.

कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू, 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी. मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवणाऱ्यांसाठी नोंदणीची वेगळी सोयही त्यात नाही. तुमच्या उपयोगाचं आहे ते कलम 4. उद्या जमलं नाही, तर मुलीला तिच्या वयाच्या वर्गात परत प्रवेश मिळू शकतो. मला स्वतःला याच कलमाने धीर दिला. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारात येतील, तेव्हा चहा द्या, वह्या दाखवा. ते त्यांचं काम करत असतात, त्यांच्याशी भांडू नका.

नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचा, विचार मनात असेल तर मात्र नाव काढू नका. तिथे सहावीच्या प्रवेशासाठी मूल पाचवीला जिल्ह्यातल्याच मान्यताप्राप्त शाळेत शिकत असावं लागतं.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. वाडीतल्या शाळांचा पट आधीच खाली आलाय. पट कमी झाला की शिक्षक कमी होतात, शाळा शेजारच्या शाळेत समायोजित करायचा विषय निघतो, आणि मग उरलेल्या लेकरांना पावसात दोन-तीन किलोमीटर चालावं लागतं. तुमच्या शाळेत दहा-बारा मुलं असतील तर तुमच्या मुलीचं एक नाव जड आहे. आम्ही आमचा निर्णय बदलला नाही, पण दर शनिवारी मी त्या शाळेत गोष्टी वाचून दाखवायला जाते. जायलाच हवं असं मला वाटतं.

दुसरं, दिवसभर मुलीबरोबर कोण असणार ते नवराबायकोने आताच बोलून घ्या. ‘बघू, होईल’ म्हटलं की सगळं आईवर येतं. आमच्याकडे सकाळचा वेळ माझा, संध्याकाळचं गणित बाबांचं आणि दुपार आजीआजोबांची. सासूबाई पहिलं वर्षभर नाराज होत्या. गणपतीला चाकरमानी आले की पोराला पडवीत उभं करून सतराचा पाढा म्हणायला लावायचे. त्या वेळी मी मध्ये पडायला हवं होतं, पडले नाही. तुम्ही पडा.

आता शिकवण्याचं. मी पहिल्याच सोमवारी भिंतीवर वेळापत्रक लावलं: दहा ते अकरा मराठी, अकरा ते बारा गणित. महिन्याभरात तो वही दिसली की रडायला लागला. घरी शिकवणाऱ्या पालकांमध्ये एक ठोकताळा आहे, शाळेत जितकी वर्षं गेली तितके महिने मुलाला मोकळं सोडायचं. आम्ही वेळापत्रक काढून टाकलं. तीन महिने फक्त गोष्टी, खेळ आणि आजीच्या मागे मागे फिरणं.

आजी ओहोटीला खाडीत तिसऱ्या (शिंपले) काढायला जाते. तिच्याबरोबर जायचं तर पाणी कधी उतरणार ते कळायला हवं. आजोबांचा हिशेब तोंडपाठ: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. एवढ्यासाठी पोराने पाऊणकी (पाऊणचा पाढा) पाठ केली, कुणी सांगितलं नव्हतं. मग उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेची मोठी) भरती आणि भांगाची (अष्टमीच्या सुमाराची लहान) भरती यांत पाणी धक्क्याच्या किती पायऱ्या चढतं ते वहीत लिहू लागला. आणि एक दिवस विचारतो, पंधरा तिथींची पाऊणपट सव्वाअकरा होते, पण पौर्णिमेला भरती पुन्हा अमावास्येच्या वेळेवर यायला हवी, म्हणजे बारा तास व्हायला हवेत. उरलेला पाऊण तास कुठे गेला? आम्ही दोघांनी बसून बारा तासांना पंधराने भागलं. 48 मिनिटं आली. आजोबांची पाऊणकी 45 ची, तोंडी हिशेबाला सोपी पडावी म्हणून. अपूर्णांक, भागाकार आणि चंद्राची गती त्या एका संध्याकाळी झाली. (खाडीवर मोठं माणूस सोबत हवंच, चिखलात पाय रुततो.)

पण सगळं असं आपोआप होत नाही. त्याचं लिखाण मागे पडलं. बोलायला पटाईत, पण चार ओळी लिहायच्या म्हटलं की कंटाळा. आता रोज अर्धं पान रोजनिशी लिहायची, यात सूट नाही. हे पहिल्या वर्षीच सुरू करायला हवं होतं. आणि शाळेतल्या स्पर्धा, स्नेहसंमेलन याची उणीव त्याला अजून जाणवते. संध्याकाळी वाडीतल्या पोरांत खेळायला जाणं म्हणून मी कधीच चुकवू देत नाही.

पुस्तकांवर आत्ता पैसे घालू नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची खेळणी आणि कितीतरी मराठी पुस्तकं आहेत, स्टोरीविव्हरवर लहान मुलांच्या मराठी गोष्टी आहेत. लागणारी पानं आगोटीपूर्वी, म्हणजे पावसाळा लागायच्या आत, छापून ठेवा. आपल्याकडे पाऊस लागला की वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, ऑनलाइन क्लासच्या भरवशावर जून-जुलै काढता येत नाही. तुमच्या रत्नागिरीत 1828 पासून चालत आलेलं नगर वाचनालय आहे, तिथे मुलीला घेऊन जा आणि पुस्तकं तिला निवडू द्या. देशातल्या घरी शिकवणाऱ्या पालकांची ‘स्वशिक्षण’ नावाची संघटना आहे, तिथे विचारायला माणसं भेटतात.

दहावीची काळजी आत्ता नको, वाटा आहेत. एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावीची परीक्षा वयाची 14 वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, वर्षातून दोनदा होते, मराठी माध्यम आहे, आणि एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षं चालतो. राज्य मंडळाच्या अटींत बसत असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्याही बसता येतं. त्यासाठी तो मूळ दाखला लागतो, म्हणून वर इतकं सांगितलं.

मेमध्ये शाळेचं कार्यालय बंद असतं. तेव्हा निकालाच्या दिवशीच मुख्याध्यापकांना भेटा आणि रजिस्टर बघायचं आहे म्हणून सांगा.