आई-बाबांचं तिकीट रद्द करू नका, फिरायची वेळ बदला

तुम्ही विचारलंय की साठी ओलांडलेले आई-बाबा ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच मॅसॅच्युसेट्सला येताहेत आणि नेमकी तुमच्या गावात 'ट्रिपल ई' या डासांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या धोक्याची सूचना लागली आहे, तर तिकिटं रद्द करावीत का? माझ्या मते नाही. पण रात्रीच्या जेवणानंतरची बाहेरची शतपावली मात्र पहिलं गोठवणारं दंव पडून डास संपेपर्यंत बंद ठेवा.

मी प्लिमथ काउंटीत राहते. २०१९ च्या उन्हाळ्यात माझे सासू-सासरे इथेच होते. त्या वर्षी राज्यात १२ जणांना हा मेंदूज्वर झाला, त्यातले सहा दगावले. विमानातून फवारणी झाली, शाळांचे संध्याकाळचे सामने दुपारी घेतले गेले. तरी सासऱ्यांचं एकच म्हणणं, "डास काय आम्ही पाहिले नाहीत?" हे तुम्हालाही ऐकायला मिळेल, म्हणून कारण नीट समजून घ्या.

आपल्या डोक्यात डास म्हटलं की डेंग्यू. कुंड्यांतलं पाणी ओता, टायर हलवा, दिवसा चावणाऱ्या डासापासून जपा. ट्रिपल ईची (पूर्ण नाव ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस) गोष्ट वेगळी आहे. हा विषाणू पक्ष्यांमध्ये आणि दलदलीतल्या एका डासात फिरत असतो. आमच्या भागात हॉकोमॉक नावाची मोठी दलदल आहे. तिथे मेपल आणि सीडरच्या मुळांखाली पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांत हा डास वाढतो. तो माणसाच्या वाटेला फारसा जात नाही, पक्ष्यांनाच चावतो. पण उन्हाळा सरत येतो तसे बाधित पक्षी वाढतात आणि मग पक्षी, घोडा, माणूस असं कुणालाही चावणारे दुसरे डास तो विषाणू उचलतात. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर जोखमीचे. कुंड्या जरूर रिकाम्या करा, पण दलदल काही तुम्ही उपसणार नाही. तुमच्या हातात आहे ती वेळ. धोका सर्वाधिक दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत. २०२४ मध्ये प्लिमथ गावाने त्या वेळेत सार्वजनिक उद्यानं बंदच ठेवली होती.

आजार अगदी विरळा आहे. अख्ख्या अमेरिकेत एरवी वर्षाला दहा-बारा रुग्ण. विषाणू शरीरात गेलेल्या बहुतेकांच्या मेंदूपर्यंत तो पोहोचतही नाही. पण पोहोचला तर सुमारे तीनातला एक रुग्ण जातो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांच्या मेंदूला कायमची इजा होते. पन्नाशीपुढच्यांना आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना जास्त भीती. घोड्यांसाठी लस आहे, माणसांसाठी नाही. आपल्याकडची जपानी मेंदूज्वराची लस इथे उपयोगी नाही. कारण ट्रिपल ईचा विषाणू चिकनगुनियाच्या गोतावळ्यातला. रुग्णाजवळ बसल्याने मात्र तो लागत नाही. आपल्या रक्तात तो इतका वाढतच नाही की आपल्याला चावलेल्या डासाने पुढे न्यावा.

आई-बाबा यायच्या आधी खिडक्यांच्या जाळ्या तपासा. आमच्या स्वयंपाकघराची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली होती आणि दोन वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. संध्याकाळी बाहेर पडावंच लागलं तर पूर्ण बाह्या, पायात मोजे आणि उघड्या त्वचेवर डीट किंवा पिकारिडिन असलेलं डास पळवणारं औषध. आईला साडीत पायाचे घोटे उघडे राहतात हे आवर्जून सांगा. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर मारायचं, अंगाला नाही. घरात लहान मूल असेल तर लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांखाली वापरू नका, आणि डीट दोन महिन्यांखालच्या बाळाला लावू नका.

डास चावल्यावर साधारण चार ते दहा दिवसांत लक्षणं दिसतात. सणसणीत ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, आखडलेली मान, आणि त्यात माणूस गुंगीत जायला किंवा असंबद्ध बोलायला लागला, झटका (फिट) आला, तर सकाळची वाट न पाहता ९११ या इथल्या आपत्कालीन नंबरला फोन करा. या विषाणूवर औषध नाही, पण झटके आणि मेंदूची सूज सांभाळायला रुग्णालयच लागतं. डॉक्टरांना गावाचं नाव आणि डास चावल्याचं आपणहून सांगा. व्हिजिटर इन्शुरन्सचं कार्ड फ्रिजवर लावून ठेवा.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या नकाशावर प्रत्येक गावाची जोखीम दिसते, तो अधूनमधून बघत जा. आणि गणपती नेमके याच दिवसांत येतात. २०१९ मध्ये आम्ही विसर्जन भर दुपारी अंगणातल्या टबात केलं. सासरे थोडे हिरमुसले, पण आरती त्यांनीच खड्या आवाजात म्हटली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहाला फिरायला जाऊ लागले.